पान दुमडा, उत्तर वाचा: 'मॅड'च्या धर्तीवर फोल्ड-इन कसं बनवायचं

अमेरिकेतल्या 'मॅड' या विनोदी नियतकालिकाचं नाव निघालं की दातात फट असलेला आल्फ्रेड ई. न्यूमन आठवतो, सिनेमांची विडंबनं आठवतात, आंतोनिओ प्रोहियासचे एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन हेर आठवतात. हार्वी कर्ट्झमनच्या संपादनाखाली 1952 साली कॉमिक म्हणून हे सुरू झालं आणि 1955 मध्ये मोठ्या आकाराचं नियतकालिक बनलं. त्याने तिकडच्या विनोदाला काय वळण लावलं यावर भरपूर लिहून झालंय. पण त्या वारशातली एक गोष्ट आजही कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन घरी करून बघता येते. ती म्हणजे शेवटच्या कव्हरच्या आतल्या बाजूला छापलं जाणारं फोल्ड-इन.

वर एक प्रश्न, मध्ये पानभर चित्र, खाली दोन-तीन ओळी. पान ठरलेल्या जागी दुमडलं की चित्राचा मधला भाग गायब होतो, दोन्ही कडा जुळून वेगळंच चित्र तयार होतं आणि खालच्या ओळींतून प्रश्नाचं उत्तर निघतं. कल्पना 'मॅड'चे व्यंगचित्रकार ॲल जॅफी यांची. तेव्हाची गुळगुळीत मासिकं मध्ये उलगडणारी मोठमोठी रंगीत पानं घालत असत. जॅफींनी ते उलटं केलं आणि काळं-पांढरं, आत दुमडायचं पान सुचवलं. पहिलं छापलं गेलं 1964 च्या एप्रिलमध्ये, अंक 86. विषय एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांचं गाजलेलं प्रेमप्रकरण. घडी घातली की बर्टन बाजूला पडतो आणि टेलरजवळ दुसराच तरुण दिसतो. घडीने अंक खराब होणार म्हणून हे नाकारलं जाईल असं जॅफींना वाटलं होतं. प्रकाशक विल्यम गेन्सचं म्हणणं पडलं की उत्तम, मग लोक दुसरी प्रत घेतील! पुढे जॅफींनी चारशेहून जास्त फोल्ड-इन केली, 2020 मध्ये 99 व्या वर्षी निवृत्त झाले आणि 2023 मध्ये 102 व्या वर्षी गेले.

घड्यांचं गणित

बहुतेकांचं फोल्ड-इन चित्रामुळे नाही, घडीमुळे फसतं. म्हणून आधी कोरा ए-फोर कागद उभा धरा आणि हे करून बघा.

कागदाची रुंदी 210 मि.मी. डाव्या कडेपासून 52.5 वर एक उभी रेघ, तिला 'अ' म्हणा. 157.5 वर दुसरी, ती 'ब'. बरोबर मध्ये, 105 वर, तिसरी. अ आणि ब यांच्यामधला 105 मि.मी.चा पट्टा लपणार आहे. डावीकडचा आणि उजवीकडचा प्रत्येकी 52.5 चा पट्टा शेवटी शेजारी-शेजारी दिसणार.

आता उजवा भाग मधल्या रेघेवर डावीकडे वळवा, चित्राची बाजू आत जाईल अशी. 'ब' रेघ आपोआप 'अ' रेघेवर येते. मग तोच भाग 'ब' रेघेवर परत उजवीकडे दुमडा. झालं. लक्षात घ्या, घड्या दोनच आहेत, एक मध्यावर आणि एक 'ब'वर. 'अ'वर घडी पडतच नाही. तिथे फक्त वरचा पट्टा येऊन टेकतो. अ आणि ब दोन्हीवर घड्या घालून कागदाचं पाकीट करून ठेवणं ही नवख्यांची हमखास चूक.

या रचनेत चुकीचं माप दुप्पट होतं. मधली घडी 1 मि.मी. सरकली की जोड 2 मि.मी. सरकतो, कारण कागद घडीभोवती उलटतो. तिरकेपणाचंही तसंच. दोन घड्या एकमेकींना समांतर नसून त्यांच्यात एका अंशाचा फरक असेल तर उजवा पट्टा दोन अंशांनी फिरतो, आणि ए-फोरच्या 297 मि.मी. उंचीवर वर जुळलेला जोड खाली 10 मि.मी. उघडा पडतो किंवा तेवढाच चढतो. वाचक पट्टी घेऊन बसत नाही. तो बोटाने दाबून मोकळा होतो. त्यामुळे 2 मि.मी. इकडेतिकडे होणारच असं धरूनच चित्र काढायचं.

पानावर सूचना लिहिताना "पान अर्ध्यात दुमडा" असं लिहू नका. छापखान्यात कटिंग करताना उजवीकडून 2 मि.मी. जास्त गेलं तर कडेला कड लावून घातलेली घडी 1 मि.मी. सरकते आणि जोड 2 मि.मी. चुकतो. 'मॅड'मध्ये पानाच्या वरच्या बाजूला ए आणि बी अशी अक्षरं बाणांसकट असत आणि ए बीला भिडवा असं सांगितलेलं असे. या खुणा चित्राबरोबरच छापल्या जातात, त्यामुळे कटिंग कितीही हललं तरी त्या चित्राच्या जागीच राहतात. आपणही 'अ' आणि 'ब' असे बाण वर द्या, आणि उजव्या भागाच्या डोक्यावर बारीक अक्षरात "हा भाग डावीकडे दुमडा" असं लिहा.

आधी उत्तर, मग चित्र

मोठं चित्र काढून त्यात काही दडवता येतं का हे शोधत बसलात तर आठवडे जातील. काम उलट्या टोकाने करायचं असतं. आधी दुमडलेलं, म्हणजे 105 मि.मी. रुंदीचं उत्तराचं चित्र काढा. त्याला बरोबर मध्ये उभं कापा, दोन तुकडे मोठ्या पानाच्या दोन टोकांना ठेवा, आणि मग "ह्या अर्धवट आकाराचं आणखी काय होऊ शकतं?" असं विचारत मधली जागा भरा. जॅफी हे ट्रेसिंग पेपरवर जुळवून घेत. मूळ चित्र जाड, ताठ बोर्डावर रंगवलेलं असल्यामुळे ते दुमडताच येत नसे. छापील अंक आल्यावरच घडी घातलेलं चित्र दिसायचं.

एक उदाहरण सुरुवातीपासून घेऊ. प्रश्न: "गावातल्या नव्या नळयोजनेतून शेवटी काय मिळतं?" उत्तराचं चित्र: आडवा पाइप, त्याला खाली तोंड केलेला नळ, नळातून पाण्याऐवजी वाऱ्याच्या रेघा, आणि खाली रिकामी घागर.

घागर मध्ये कापली की दोन अर्धगोल मिळतात. एकाचा फुगवटा डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. डावीकडे फुगलेला अर्धगोल म्हणजे उकिडव्या बसलेल्या आजीची वाकलेली पाठ. तिचं तोंड उजवीकडे आहे, चेहरा आणि गुडघे मधल्या पट्ट्यात जातात. उजवीकडचा अर्धगोल म्हणजे घोंगडी पांघरून डावीकडे तोंड करून बसलेला म्हातारा. दोघं मध्ये चाललेला समारंभ बघतायत. आजीच्या डोक्यावरच्या पदराची आडवी कड आणि घोंगडीची किनार जुळली की घागरीचा काठ होतो. वर मांडवाचा आडवा बांबू डावीकडून उजवीकडे गेलाय, तो पाइप. 'ब'च्या लगेच पुढे त्याला खाली तोंड करून भोंगा टांगलाय, तो नळ. भोंग्यातून आवाज निघतोय हे दाखवणाऱ्या रेघा घडी घातल्यावर वारा बनतात.

मधला 105 मि.मी.चा पट्टा म्हणजे उद्घाटन: हारतुरे, फीत, रंगवलेली टाकी, फोटोसाठी पुढे सरकणारी मंडळी. सगळ्यात भडक रंग आणि सगळे ठळक चेहरे इथेच खर्च करा. डोळा आधी चेहऱ्यांकडे आणि लालकडे जातो. तो मध्ये अडकला तरच कडेची अर्धी घागर लपते.

सांध्यावर काय येऊ द्यायचं

सगळी कमाई या जागेची आहे, म्हणून इथे वेळ घाला.

सांध्यावरून जाणारी रेघ शक्य तितकी आडवी ठेवा. जोड 2 मि.मी. सरकला तर 45 अंशांत जाणारी रेघ 2 मि.मी.ने तुटते आणि ते लगेच डोळ्यांत भरतं. 20 अंशांची रेघ जेमतेम 0.7 मि.मी. तुटते. पूर्ण आडवी रेघ तुटतच नाही. घागरीचं चित्र यासाठीच सोयीचं आहे: काठ आणि तळ दोन्ही सांध्यापाशी आडवे असतात, पाइपही आडवा. याउलट माणसाचा समोरून दिसणारा चेहरा नाकावर कापायचा मोह फार होतो आणि तो बहुधा अंगाशी येतो. नाक, ओठ आणि हनुवटीच्या सगळ्या बारीक तिरक्या रेघा नेमक्या तिथेच गर्दी करतात. चेहरा हवाच असेल तर तो पूर्णच्या पूर्ण एका बाजूला ठेवा आणि सांधा खांद्यावर किंवा टोपीच्या कडेवर येऊ द्या.

अ आणि ब रेघांच्या दोन्ही अंगांना 3 मि.मी. पट्ट्यात सपाट रंग ठेवा. डोळ्याची बाहुली, बटण, अक्षर असं काही तिथे नको.

उंची मात्र अगदी तंतोतंत हवी. पानाच्या वरच्या कडेपासून मोजून एक यादीच करून ठेवा. आपल्या उदाहरणात बांबूची वरची कड 80 मि.मी., खालची 92, घागरीचा काठ 170, तळ 240. अ आणि ब दोन्ही रेघांवर याच उंचीला पेन्सिलीच्या खुणा करा आणि चित्र त्या खुणांतूनच न्या. घागरीचा प्रत्येक अर्धा भाग सांध्यापासून जास्तीत जास्त 35 मि.मी. रुंद ठेवला तर बाजूला थोडी मोकळी जागा उरते.

रंगाची गफलत हमखास होते. आजीचं लुगडं आणि म्हाताऱ्याची घोंगडी वेगवेगळ्या तपकिरी झाल्या की घागर दोन रंगांची होते. हाताने रंगवत असाल तर तो रंग दोन्हीकडे पुरेल इतका एकदाच कालवून घ्या आणि दोन्ही बाजू एका बैठकीत रंगवा. मागची जमीन आणि आकाशही सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर बदललं पाहिजे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पानाचे तीन पट्टे वेगवेगळे रंगवणं. मग चित्र उघडं असतानाच अ आणि ब जागी उभी शिवण दिसते आणि घडी घालायच्या आधीच सगळं कळतं. अ आणि ब रेघांवरून वस्तू आरपार गेल्याच पाहिजेत. आजीचा हात मधल्या पट्ट्यात येऊ द्या, पताकांची माळ दोन्हीकडून मध्ये न्या. घागरीची बाह्यरेषा इतर रेघांपेक्षा जाड करायचा मोह टाळा.

मराठी ओळ दुमडताना

रोमन लिपीत अक्षरं सुटी असल्याने शब्द कुठेही कापता येतो. देवनागरीत शिरोरेषा आहे. शब्दाच्या मध्ये सांधा आला आणि दोन तुकडे उभ्या दिशेने अर्धा मिलीमीटर जरी सरकले, तरी रेघेला पायरी पडते. म्हणून पहिल्या प्रयत्नात सांधा दोन शब्दांच्या मधल्या जागेत ठेवा. आपल्या चित्राखालच्या ओळी अशा:

नळाला | मीटर बसले, टाकी रंगली. आता | नुसती
हवा | पालटू द्या, मग बघा टाकीला कशी भरती | येते

उभ्या दांड्या छापायच्या नाहीत. त्या अ आणि ब कुठे येतात ते दाखवतात. दुमडल्यावर उरतं: "नळाला नुसती हवा येते."

लिहिताना क्रम पुन्हा उलटाच. आधी उत्तर ठरवा, ते ओळींत तोडा, प्रत्येक ओळीचं डावं आणि उजवं टोक पक्कं करा, मग मधला मजकूर असा शोधा की अख्खी ओळ गंभीर, सरकारी पत्रकासारखी वाटेल. ओळीच्या शेवटी विरामचिन्ह नको, कारण ते उत्तरातही येतं. क्रियापद टोकाला आलं तर त्याचा कर्ता दोन्ही वाचनांत चालला पाहिजे. इथे "भरती येते" आणि "हवा येते", दोन्ही स्त्रीलिंगी एकवचनी आहेत म्हणून निभावलं. "पाणी" घेतलं असतं तर "येतं" करावं लागलं असतं आणि उत्तर बिघडलं असतं. मराठीत लिंग-वचन सांभाळणं हा यातला सगळ्यात किचकट भाग, निम्म्या चांगल्या कल्पना इथेच गळतात.

टाइप 20 पॉइंटच्या आसपास ठेवा. डावे शब्द 'अ'च्या अलीकडे 2 मि.मी. संपतील आणि उजवे 'ब'च्या पलीकडे 2 मि.मी. सुरू होतील असे लावा, म्हणजे दुमडल्यावर मध्ये एका शब्दाची जागा उरते. मधला मजकूर बरोबर 105 मि.मी.मध्ये बसवायला शब्दांमधली जागा कमी-जास्त करा, पण अक्षरांचा आकार बदलू नका. टोकाचे शब्द मोठे दिसले की उत्तर फुटलं. तेवढ्याने बसत नसेल तर मधला एखादा शब्द बदला. मोकळं अंतर फार ताणलं तरी शंका येते.

हात बसला की शब्द कापून बघा. त्यासाठी सुटेही चालतील आणि जोडूनही चालतील असे शब्द शोधा: "मत" आणि "दान", "पाय" आणि "वाट", "घर" आणि "जावई". इथे मात्र 2 मि.मी. मोकळे न सोडता शिरोरेषा थेट अ आणि ब रेघेपर्यंत न्यायची. सुट्या अक्षरांवर कापायची वेळ आलीच तर पहिली वेलांटी आणि तिचं अक्षर यांच्यामध्ये, जोडाक्षरात किंवा रफाराजवळ कापू नका.

तपासणी, कागद, छपाई

संगणकावर काम करत असाल तर 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) उभं ए-फोर पान 2480 बाय 3508 पिक्सेलचं होतं. 620 आणि 1860 वर उभ्या मार्गदर्शक रेषा टाका. 1860 पासून उजवीकडचा भाग कॉपी करून वरच्या लेयरवर ठेवा, तो 1240 पिक्सेल डावीकडे सरकवा, आणि पानाचा 1240 च्या पुढचा भाग झाका. दुमडलेलं चित्र समोर दिसेल. मग तोच लेयर आणखी 20 ते 25 पिक्सेल इकडे-तिकडे हलवून बघा. वाचकाच्या हातून होणारी 2 मि.मी.ची चूक जवळजवळ एवढीच असते. तरीही चित्र ओळखू आलं तर काम पक्कं.

यावर विसंबून मात्र राहू नका. प्रिंट काढा आणि ज्याला उत्तर माहीत नाही अशाच्या हातात द्या. उघडं चित्र बघूनच त्याने घागर ओळखली तर मधला भाग कमकुवत आहे. दुमडूनही ओळखली नाही तर उत्तराचं चित्र फार बारीक आहे.

कागद 70 ते 80 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) चांगला. 170 जीएसएमच्या चकचकीत आर्ट पेपरवर घडीच्या जागी शाई तडकून पांढरी रेघ उमटते. जाड कागदच वापरायचा असेल तर रिफील संपलेल्या बॉलपेनने, पट्टी लावून, दोन्ही घड्यांच्या जागी आधी दाब देऊन घ्या. कागदाचे तंतू घडीला समांतर असले की घडी सरळ पडते. आडव्या तंतूंच्या कागदावर ती दातेरी होते.

अंकात छापायचं तर पान उजव्या हाताचं निवडा, म्हणजे डावी बाजू बांधणीत घट्ट राहते आणि उजवी मोकळी दुमडते. पिनांच्या बांधणीत फारशी अडचण नाही. चिकटवलेल्या जाड अंकात डावीकडचे 8-10 मि.मी. कण्यात जातात, तेवढे सोडून मोजा. समजा पान 180 मि.मी. रुंद आहे आणि 8 कण्यात गेले. उरले 172, त्याचा चौथा भाग 43. म्हणजे अ 51 वर, मधली घडी 94 वर, ब 137 वर. मराठी दिवाळी अंकवाल्यांना कागदाकडून असं काम करून घेणं नवीन नाही. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधली खिडकीचित्रं याच जातीची: पानाला कापलेल्या खिडकीतून एक दिसतं आणि पान उलटलं की भलतंच. तिथे छापखान्यात कागद कापावा लागतो. फोल्ड-इनला छपाईचा जादा खर्च शून्य, कारण घडीचं काम वाचक फुकट करतो.

मोबाईलवर हा खेळ निम्मा उरतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 2008 मध्ये जॅफींची काही जुनी फोल्ड-इन माऊसने दुमडता येतील अशी वेबसाइटवर ठेवली होती. तसं करता येत नसेल तर उघडं आणि दुमडलेलं अशी दोन वेगळी चित्रं टाका. दोन्ही चित्रांची उंची सारखी ठेवा आणि दुसऱ्याच्या बाजूला उरलेली जागा राखाडी सोडा. दुमडलेलं चित्र ताणून पूर्ण रुंदीचं केलं तर ते मूळ चित्रातूनच निघालंय हे कळत नाही.

शिकण्यासाठी जुनी फोल्ड-इन बघणं सर्वात उपयोगाचं. 1964 ते 2010 मधली फोल्ड-इन एकत्र छापलेला संच 2011 मध्ये निघाला आहे. मूळ जुना अंक हाती लागला तर घडी दाबू नका, कारण न दुमडलेल्या प्रतीला संग्राहक जास्त किंमत देतात. पान नुसतं सैल वळवा, ए बीवर आला की दोन बोटांनी वरच्या कडेला धरा, आणि उत्तर वाचून सोडून द्या.